चार नंबरच्या मशीनमधली वही

मार्च संपत आला होता, साल दोन हजार आठ. सोमवारी साडेदहाला मी नेहमीप्रमाणे सरिताच्या नेट कॅफेत गेलो आणि दारातच थांबलो. चार नंबरच्या टेबलावर काहीच नव्हतं. नुसत्या वायरी लोंबत होत्या आणि जिथे पेटी असायची तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता.

"सरिता, मशीन कुठाय?"

"गेलं, काका. परवा लाइट गेली अन् आली, तवाच बंद पडलं. नांदेडला धाडलंय दुरुस्तीला. तुमी एक नंबरवर बसा."

"पण आत जे आहे त्याचं काय?"

"आत काय हाय?" सरितानं लग्नपत्रिकेचं टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं.

अकरा महिन्यांचं माझं लिखाण त्या पेटीत होतं आणि ती पेटी आता नांदेडच्या कुठल्याशा दुकानात उघडी पडलेली होती. लिखाण पुसलं गेलं असेल अशी एक भीती होती. दुरुस्त करणारा माणूस ते वाचील, अशी दुसरी. दुसरी मोठी होती.

हे सगळं समजायला थोडं मागचं सांगावं लागेल. मी हिंगोलीच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. चौतीस वर्षांत लोकांनी मला हजारदा विचारलं असेल, की हे पुस्तक कसं आहे. मी दर वेळी म्हणालो, वाचून बघा. माझी मतं नव्हती असं नाही. मला सगळ्याच गोष्टींबद्दल मत असतं, पण ते बोलायची वेळ आली की वाटतं, आपल्याला काय कळतं. मुलगी रागिणी पुण्याला असते. तिनं फार आग्रह केला म्हणून निवृत्तीनंतर मी ई-मेल शिकायला सरिताकडे जाऊ लागलो. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटे, ते मला एका बोटानं जमलं. मग एकदा धीर करून मी सरिताला विचारलं, की मला मनातलं काही टिपून ठेवायचं असतं, घरी वही ठेवली तर ती सगळ्यांच्या हाती लागते, इथे ठेवता येईल का?

"येईल की," ती म्हणाली आणि पाच मिनिटांत तिनं एक कोरं पान उघडून दिलं. वर नाव काय टाकू म्हणाली. काहीही टाक म्हणालो. तिनं टाकलं, 'वाचनालयवाले काका, हिंगोली'. लिहून झालं की खालचं केशरी बटण दाबायचं, म्हणजे राहतं, असं तिनं दाखवलं.

"हे कुणी वाचणार नाही ना?"

"तुमचं कोण वाचतंय, काका!" सरिता हसली.

मला फार बरं वाटलं होतं.

मी चार नंबरवरच बसायचो. तिथे बसलं की वही आपोआप उघडे. एकदा दोन नंबरवर बसलो तर त्या मशीननं मला पासवर्ड विचारला. तो मला माहीत नव्हता. मी उठलो आणि चार नंबरवरचा माणूस उठेपर्यंत बाकावर पेपर वाचत बसलो. वही चारमध्ये आहे, ती दोनमध्ये कशी सापडेल, हे मला इतकं उघड वाटलं की कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. एका कपाटातलं पुस्तक दुसऱ्या कपाटात शोधणारा मी नव्हतो.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला लाज वाटते. माझ्या टिपणांची यादी उघडली की प्रत्येक नावापुढे एक आकडा दिसे. मी तो दाखल क्रमांक समजलो. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो, तसा इथे मशीन आपण होऊन टाकत असेल. पण क्रम चुकलेला होता. तीन, मग अकरा, मग दोन, मग शून्य. शून्यवाली टिपणं अजून दाखल व्हायची राहिली असावीत. मशीनला ग्रंथालयशास्त्र येत नाही, असं मी मनाशी म्हणालो आणि त्यावरही एक छोटं टिपण लिहिलं. त्याला पुढे नऊ क्रमांक पडला.

लिहीत काय होतो? किरकोळ मतं. कॅफेत कॉलेजची चार पोरं येत. शेजारी शेजारी बसून कानाला यंत्रं लावून एकमेकांना गोळ्या घालत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दरदरून घाम आला होता. मी लिहिलं: 'या खेळात मेलेला माणूस पाच सेकंदांत उठतो आणि ज्यानं मारलं त्याच्याकडून चहा मागून घेतो. मला हे भयंकर वाटलं. मग वाटलं, आपण कॅरम खेळताना नरसिंग सोंगटी बोटानं हळूच सरकवतो आणि आपण बघूनही गप्प बसतो, त्यापेक्षा हे बरं असेल. हे निदान उघड मारतात.' मोबाइलच्या वाजण्याबद्दल लिहिलं. माझ्या गावी, साखऱ्याला एका मयतीत, चितेला अग्नी देताना, एकाच्या खिशात वरातीची धून वाजू लागली आणि त्याला ती बंद करता येईना, ते. डीजेबद्दल लिहिलं: 'हे संगीत कानानं ऐकायचं नाही, बरगड्यांनी ऐकायचं आहे. माझ्या बरगड्या जुन्या आहेत.' इंटरनेटबद्दल लिहिलं: 'आज शोधायच्या पानावर माझं नाव घालून पाहिलं. जगात माझी कुठेही नोंद नाही. फार शांत वाटलं.'

आणि एक टिपण याच नरसिंगच्या, माझ्या जुन्या मित्राच्या, गाण्याच्या आवाजाबद्दल.

"काका, काय झालं? घाम काहून येऊन राहिला?" त्या सोमवारी सरितानं पाण्याची बाटली पुढे केली. "तुमच्या त्या लिखाणाचं म्हणता का? ते कशाला जातंय! या इकडं." तिनं तिच्या डायरीत पाहून एक नंबरवर काहीतरी टाइप केलं आणि माझी वही पडद्यावर आली.

मी पडद्याकडे पाहिलं, मग चार नंबरच्या रिकाम्या टेबलाकडे.

"नांदेडहून इथे कशी आली?"

"नांदेडला नव्हतीच, काका. हे नेटवर असतंय. कुठंबी उघडतं. पुण्याला, मुंबईला, अमेरिकेला. कोणीबी उघडू शकतं."

"पासवर्ड लागतो ना?"

"तो लिवायला लागतो. वाचायला कशाला?"

ती सहज बोलत होती. मी खुर्ची धरून बसलो. तिनं बाण खाली नेला आणि एका आकड्यावर दाबलं, आणि माझ्या टिपणाखाली लोकांची नावं निघाली. खाली, आणखी खाली. नावं, गावं, तारखा. नागपूर. लातूर. कुणी लिहिलं होतं, काका, कॅरमवाला किस्सा मस्त. कुणी लिहिलं होतं, म्हातारबुवा, डीजे कळत नसेल तर घरी बसा. ते माझे दाखल क्रमांक होते. ज्याला मी नऊ क्रमांक समजत होतो ती नऊ माणसं होती.

"नरसिंगचं टिपण उघड," मी म्हणालो.

त्यापुढे एक्केचाळीस आकडा होता.

नरसिंग आणि मी एकाच गावचे, साखऱ्याचे. तो एसटी डेपोत हेल्पर म्हणून लागला, मी वाचनालयात. नरसिंग भीमगीतं गायचा. काळी चारच्या उंच पट्टीत, बाजाची पेटी मांडीवर घेऊन, माइक नसला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल असा. औंढा नागनाथ, गोरेगाव, सेनगाव, जयंतीच्या महिन्यात त्याला झोप नसायची. त्याला वाचता बेताचंच येतं. म्हणून गाण्यांची वही माझ्याकडे असे. तो मंचावर, मी मंचासमोर जमिनीवर, वही उघडी. ओळ आठवली नाही की तो माझ्याकडे बघे आणि मी नुसते ओठ हलवी. तेवढ्यावर त्याला पुढची ओळ लागे. अडतीस वर्षं हेच. त्याच्या गाण्यात माझा वाटा एवढाच, आणि तो कुणाला माहीत नाही याचं मला सुख होतं.

टिपणात मी लिहिलं होतं:

'नरसिंगचा आवाज जाऊन तीन वर्षं झाली. वरच्या ओळीला तो फाटतो. लोक टाळ्या वाजवतात, त्या जुन्या आवाजाला. वरची ओळ आली की नरसिंग आता डोळे मिटतो. लोकांना वाटतं, तल्लीन झाला. डोळे मिटले की त्याला माझे ओठ दिसत नाहीत, म्हणजे त्या ओळीला त्याला शब्दांची चिंता नसते, दुसरी कसली तरी असते. त्याला भीती वाटते. तीनही वर्षं खाली उतरल्यावर त्यानं मला विचारलं, कसं झालं? तीनही वर्षं मी म्हणालो, झकास.'

मी पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं.

"छान लिवलंय, काका," सरिता म्हणाली. "शनिवारी प्रमोदनं पाच कॉप्या छापून नेल्या. मला वाटलं तुमीच सांगितलं."

"कुठला प्रमोद?"

"तुमच्या जयंती कमिटीचा. आज मिटिंग हाय म्हणला ना विहारात."

*

प्रमोद वाईट पोरगा नाही, हे आधी सांगतो. सत्तावीस वर्षांचा आहे, विमा एजंट आहे, मिरवणुकीत दारू पिऊन येणाऱ्याला हाताला धरून घरी पोचवतो. त्याला यंदा परभणीची ऑर्केस्ट्रा पार्टी आणायची होती. नरसिंग मध्ये होता. दर वर्षी पहिलं गाणं नरसिंगचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी ठरलेलं होतं.

मी दुपारभर ठरवत होतो की मिटिंगला जायचंच नाही. पाचला चपला घातल्या. काढल्या. पुन्हा घातल्या. पोचलो तेव्हा वंदना होऊन गेली होती आणि वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर बसली होती. नरसिंग खांबाला टेकून होता. मी आत आलो तसं त्यानं सरकून मला जागा केली. म्हणजे त्याला अजून कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्यानं जागा केली. मी त्याच्याजवळ बसलो नाही. दाराशीच बसलो.

"आता पहिल्या गाण्याचा विषय," प्रमोद म्हणाला. "नरसिंगबाबांचा मान मोठाच हाय. पण जाणकार माणसं काय म्हणतात तेबी ऐकावं." आणि त्यानं कागद काढून माझं टिपण वाचायला सुरुवात केली.

त्यानं डीजेचं टिपण आणलं नव्हतं. एवढंच आणलं होतं. 'वरच्या ओळीला तो फाटतो' इथे मागे दोन पोरं हसली. 'त्याला भीती वाटते' इथे कुणी हसलं नाही. मी सतरंजीच्या पट्ट्या मोजत होतो.

"हे नेटवर हाय, समदं जग वाचून राहिलं," प्रमोद म्हणाला. "लिवणाऱ्यानं नाव टाकलं न्हाई, वाचनालयवाले काका एवढंच हाय. काका, जय भीम. हे तुमीच लिवलंय ना?"

वीस-पंचवीस माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. मी आयुष्यात कधी सभेत बोललो नाही. हो म्हटलं तर नरसिंगचं गाणं गेलं, आणि तेही माझ्या तोंडून. नाही म्हटलं तर कागद कुणाचाही असू शकतो, हिंगोलीत वाचनालय काय एकच आहे? हे मी नंतर जुळवलं. त्या वेळी डोक्यात काही नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मी नाही लिहिलं."

आणि माझं मलाच ते इतकं सफाईदार वाटलं की मी हादरलो.

"बघा, काका न्हाई म्हणून राहिले," एक म्हातारा म्हणाला. "कोण्या उपटसुंभानं लिवलं असंल. फाडा तो कागद."

"त्यानंच लिवलंय."

नरसिंग बोलला होता. खांबाचा आधार सोडून तो ताठ बसला होता.

"बाबा, ते तर न्हाई म्हणतात…" प्रमोद म्हणाला.

"म्हणू दे. मी वरच्या ओळीला डोळे झाकतो, हे मंचाच्या समोर बसल्याबिगर दिसत न्हाई. अन् समोर कोण बसतं? हाच बसतो. अडतीस साल झाले." मग तो माझ्याकडे वळला. "आवाजाचं राहू दे बाजूला. आता काहून खोटं बोललास, संतराम? माझ्यासाठी?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नव्हतं.

"माझ्यासाठी किती खोटं बोलशील रे?"

तो उठला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला तेवढाच. चपला हातात घेऊन तो बाहेर गेला आणि मग बाहेर त्या घातल्या. शुक्रवारी ठरवू म्हणून प्रमोदनं मिटिंग मोडली. जाताना कागद माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "काका, मला वाटलं तुमी अभिमानानं हो म्हणताल. लय भारी लिवलंय."

*

मंगळवारी सकाळी नरसिंगच्या घरी गेलो. पारुबाई, त्याची बायको, दारात आली. "ते घरात न्हाईत, भावजी," म्हणाली. आतून नरसिंग खोकला. पारुबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. "न्हाईत," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. आतलं खोकणं थांबलं.

बुधवारीही तेच.

मी नेटवरची वही पुसून टाकायचं ठरवलं. गुरुवारी त्यासाठीच कॅफेत गेलो. सरिता म्हणाली, पुसायला दोन मिनिटं लागतील, पण लोकांनी छापून घेतलंय ते कसं पुसणार? एक नंबरवर बसून मी त्या एक्केचाळीस प्रतिक्रिया पहिल्यांदा नीट वाचत होतो. पुसण्याआधी निदान वाचावं, असं वाटलं. तेवढ्यात दाराशी सावली पडली.

नरसिंग होता. तो या दुकानात कधी आला नव्हता. त्यानं भिंतीवरचे तोरणासारख्या वायरी पाहिल्या, कानाला यंत्रं लावलेली पोरं पाहिली. मला पाहिलंच नाही.

"सरिताबाई," तो म्हणाला, "त्या माणसाला सांग, जे लिवलंय ते वाचून दाखव म्हणावं. समदं."

सरितानं माझ्याकडे पाहिलं. मी तीन हातांवर बसलो होतो.

"काका, बाबा म्हणतात…"

"ऐकलं," मी म्हणालो.

तिनं त्याला खुर्ची दिली. नरसिंगनं ती माझ्यापासून थोडी लांब ओढली आणि हातातली काठी मांडीवर आडवी घेऊन बसला. मी वाचू लागलो. पहिल्या टिपणापासून. स्वतःचं लिखाण मी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं, बायकोपुढेही नाही. मयतीतल्या मोबाइलचं वाचलं तेव्हा नरसिंगचा चेहरा हलला नाही, पण सरितानं तोंडाला पदर लावला. कॅरमचं वाचलं.

"सरिताबाई, हे खोटं हाय म्हणून सांग त्याला."

"खरं आहे," मी म्हणालो.

माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. नरसिंगनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. मग पुन्हा पडद्याकडे.

शेवटी त्याचं टिपण आलं. ते वाचताना मी दोनदा थांबलो. तो दर वेळी काठीनं फरशीवर टकटक करी, पुढे वाच. वाचून झालं. पलीकडे पोरं एकमेकांना गोळ्या घालत होती आणि कुणीतरी 'मेला, मेला' ओरडत होतं.

"खाली काय हाय?" त्यानं सरिताला विचारलं.

"लोकांनी लिवलंय, बाबा. तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल? कोणत्या लोकांनी?"

मी वाचलं. नागपूरच्या एका बाईनं लिहिलं होतं की तिच्या वडिलांनी नरसिंगला एकदा सेनगावला ऐकलं होतं. लातूरच्या एकानं मला शिव्या दिल्या होत्या, मित्राची चव्हाट्यावर बेअब्रू केली म्हणून. त्या मी सगळ्या वाचल्या, एकही गाळली नाही. मग शिवहार नावाच्या माणसाचं आलं. मूळ औंढा नागनाथ, आता दुबई. 'काका, मी आठ वर्षांचा होतो तेव्हा आमच्या गावात नरसिंगबाबा गायले. आमचं घर दुसऱ्या आळीत, दुसऱ्या समाजाचं, आम्हाला तिकडं जाऊ देत नसत. मी आमच्या गच्चीवर बसून ऐकलं. शब्द कळत होते इतका आवाज. आता तो आवाज गेला म्हणता, तर गेला असेल. पण तुम्ही हे त्यांना सांगितलंत का? की आम्हालाच सांगताय?'

मी थांबलो. नरसिंग काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"दुबईत मला कोण ओळखतंय?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही. "गच्चीवर ऐकू गेलं?"

"तसं लिहिलंय."

"पुन्हा वाच म्हणावं त्याला."

मी पुन्हा वाचलं. मग तो सरळ होऊन म्हणाला, "सरिताबाई, इथं मला लिवता येतं का?"

"येतं की, बाबा. तुमी सांगा, काका टाइप करतील."

"मग त्याला सांग, लिही म्हणावं. मी बोलतो तसंच. सुधारायचं न्हाई."

मी बोट अक्षरांवर ठेवलं. तो थांबत थांबत बोलत गेला आणि मी एका बोटानं त्याच्यामागे धावत गेलो.

"मी नरसिंग बोलून राहिलो. ह्या माणसानं लिवलं ते बराबर हाय. आवाज लागंना. डोळे झाकतो तेबी बराबर. भीती वाटते तेबी. पर हा माणूस डरपोक हाय." तो थांबला. "लिवलं का त्यानं? बघ गं."

सरितानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "लिवलं, बाबा. डरपोक."

"अडतीस साल समोर बसला अन् तोंडावर एक खरी गोष्ट बोलला न्हाई. तुमाला सांगितली. तुमी कोण, कुठले, मला म्हाईत न्हाई. मला सांगितली असती तर मी तवाच पट्टी उतरवली असती. लोकायसमोर तीन साल फाटलो नसतो. ह्याचा राग हाय मला. जाणार न्हाई लवकर."

मला पडदा धूसर दिसू लागला. अक्षरं चुकत होती. मी चष्मा पुसला आणि पुन्हा लिहू लागलो. त्यानं 'लोकायसमोर' म्हटलं होतं, मी 'लोकायसमोर' लिहिलं. बोट सुधारायला जात होतं, मी जाऊ दिलं नाही.

"चौदा तारखेला मी गाणार हाय. काळी एकमधी. एवढ्या खाली मी कधी गायलो न्हाई, कसं होतंय मला म्हाईत न्हाई. ज्याला हलकं वाटंल त्यानं येऊ नये. परभणीची पार्टी आणायची तर प्रमोदनं आणावी. पर ती माझ्यानंतर. सरिताबाई, खाली माझं नाव टाक. अन् वर त्या काका-बिकाच्या जागी ह्याचं पुरं नाव टाकायला सांग. गावासकट."

सरिता माझ्याकडे बघत राहिली. "काका, टाकू?"

जगात कुठेही माझी नोंद नाही, हे मला किती सुखाचं होतं ते फक्त मला माहीत. मी स्वतःच वरचं नाव खोडलं. मग लिहिलं, संतराम पाईकराव, साखरा, आता हिंगोली. पडद्यावर ते फार मोठं दिसलं. हे सहा अब्ज माणसांना दिसणार, असा विचार आला. मी बटण दाबलं.

"गेलं?" नरसिंगनं विचारलं.

"गेलं," सरिता म्हणाली. "आता कोणीबी वाचंल."

मला वाटलं आता तो उठेल. तो उठला नाही. पडद्याकडे टक लावून बसला, जणू तिथून आताच कुणी बाहेर येणार होतं. पाच मिनिटं गेली असतील. सरिताचं एक गिऱ्हाईक येऊन गेलं. पोरांचा एक डाव संपून दुसरा सुरू झाला.

"दुबईत आता किती वाजले?" नरसिंग म्हणाला.

सरिता आत पत्रिका छापत होती. पोरांच्या कानाला यंत्रं होती. दुकानात ऐकणारा दुसरा कुणी नव्हता. प्रश्न मलाच होता, हे कळायला जरा वेळ लागला.

मी घड्याळ पाहिलं. हिशेब दोनदा केला, चुकू नये म्हणून. "साडेदहा."

"मंग कामावर असंल."

"असेल."

त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.